ढोल-ताशाचा आवाज : किती, कुठवर आणि कशाने?

गणपती जवळ आले की आपल्या शाळेच्या मैदानावर संध्याकाळी ढोल घुमू लागतात. शेजारच्या गल्लीतल्या आजी खिडकी लावून घेतात आणि पथकाच्या बैठकीत दरवर्षीचा एक वाद पुन्हा निघतो. स्पर्धेत आपले वादन मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा ताशाला माइक लावावा आणि गाडीवर दोन मोठे भोंगे ठेवावेत, असे काही पालक म्हणतात. माजी विद्यार्थ्यांना हे ऐकवत नाही. "भोंगा लावला की पथक संपले, मग डीजेच आणा ना!" असे ते म्हणतात. दोन्ही बाजूंचे लोक आपलेच आहेत आणि दोघांच्या म्हणण्यात थोडे थोडे तथ्य आहे. म्हणून या अंकात आवाजाचा हिशेबच मांडून पाहावा असे आम्ही ठरवले. नववी-दहावीच्या मुलांना यात विज्ञानाच्या पुस्तकातला ध्वनीचा धडा भेटेल.

आपल्या इंदूर शहराला मिरवणुकीतली चुरस नवी नाही. गेल्या शतकाच्या विसाव्या दशकात हुकुमचंद मिलच्या कामगारांपासून अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची प्रथा सुरू झाली. पुढे मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी या मिलच्या झांक्याही निघू लागल्या. पुढे झांकी आणि मागे-पुढे लाठी-बनेटी फिरवणारे आखाडे अशी ती रात्रभर चालणारी मिरवणूक. झांक्यांना आणि आखाड्यांना बक्षिसे मिळतात, त्यामुळे परीक्षकांच्या मंचापुढे आले की प्रत्येकाच्या अंगात जोर येतो. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि इतर मिलही थंडावल्या, पण झांक्या निघतच राहिल्या. तिकडे पुण्यात ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, नूमवि अशा शाळांनी मुलांची पथके उभी केली आणि ढोल-ताशा वाजवणे हे शिकण्यासारखे, शिस्तीचे काम आहे हे लोकांना दाखवले. इंदुरातली मराठी पथके बहुतेक त्याच वळणावर गेली आहेत. आपले पथकही त्यातलेच.

आता वाद्यांकडे वळू. ढोलाच्या एका पानावर टिपरू पडते आणि दुसऱ्यावर हाताची थाप. त्याचा आवाज खर्जाचा असतो. ताशा म्हणजे धातूचे उथळ भांडे, त्यावर ताणून बसवलेले पातळ पान आणि वाजवायला दोन बारीक काड्या. त्याचा आवाज कडक आणि तीक्ष्ण. या फरकातूनच पुढचे पुष्कळसे घडते. सेकंदाला शंभर कंपने असलेल्या आवाजाची लाट सुमारे साडेतीन मीटर लांब असते. माणसे, हातगाड्या, घराचा कोपरा, सगळ्यांना वळसा घालून ती पुढे जाते. सेकंदाला तीन हजार कंपने असली तर लाट जेमतेम अकरा सेंटीमीटरची, आणि ती समोरच्या माणसाच्या पाठीवरच थटते. म्हणून मिरवणूक अजून जेल रोडला असते तेव्हा पलीकडच्या गल्लीत नुसता ढोलाचा धम् धम् ऐकू येतो आणि ताशा कळतो तो मिरवणूक कोपऱ्यावर वळल्यावर. दूरच्या प्रेक्षकाला आपले वादन कंटाळवाणे वाटते त्याचे कारण आवाज कमी पडतो हे नव्हे. त्याच्यापर्यंत अर्धेच वादन पोहोचते. बोल सगळे ताशात असतात, आणि नेमका ताशाच वाटेत गळून पडतो.

यावर मंडळे सहसा ढोल वाढवण्याचा उपाय करतात. त्याचा हिशेब पाहू. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात आणि हे माप गुणाकाराने चढते. एका ढोलाच्या जागी तितक्याच जोराने वाजणारे दोन ढोल ठेवले तर पातळी ३ डेसिबलने वाढते. दहा ढोलांनी १० डेसिबल वाढतात आणि शंभरांनी २०. आपल्या कानाला आवाज 'दुप्पट' झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल वाढ लागते. म्हणजे चाळीस ढोलांचे पथक दुप्पट मोठे ऐकू यायचे असेल तर चारशे ढोल लागतील! चाळीसचे ऐंशी केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल, आणि तेवढा फरक प्रेक्षकाला धड कळतही नाही. ढोलांचा आणि टेम्पोचा खर्च मात्र दुप्पट होतो. मोठ्या संख्येचा डौल असतो, तो आम्ही नाकारत नाही. पण तो डौल डोळ्यांसाठी आहे, कानांसाठी नाही.

मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खजुरी बाजारासारख्या अरुंद रस्त्यात दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परत फेकतात, त्यामुळे तो इतका उतरत नाही. राजवाड्यापुढे मोकळ्यात आले की तेच वादन एकदम पोकळ वाटते आणि मुले घाबरून जास्त जोराने मारू लागतात. पान फुटते ते बहुधा इथेच.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर जायला त्याला एक दशांश सेकंद लागतो. साठ ढोल दोन रांगांत उभे केले आणि दोघांमध्ये सव्वा मीटर सोडले तर रांग जवळपास ३६ मीटरची होते. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद मिळतो आणि त्याचा चौथा हिस्सा होतो ०.१२५ सेकंद. म्हणजे ताशे रांगेच्या एका टोकाला असतील आणि दुसऱ्या टोकाची मुले नुसते ऐकून वाजवत असतील, तर ती जवळजवळ पाव ठोका मागे राहणारच. त्यात त्यांचा काही दोष नाही. शिवाय त्यांचा ढोल पुढे पोहोचायला पुन्हा तेवढाच वेळ लागतो. जुने वाजवणारे याला 'शेपूट ओढते' म्हणतात. त्यावर दोन उपाय आहेत. ताशे मधोमध उभे करावेत, म्हणजे दोन्ही टोकांचे अंतर निम्मे होते. आणि मागच्यांनी कानाऐवजी डोळ्यांनी वाजवावे. पुढचा वादक टिपरू उंच नेतो किंवा ध्वजवाला ध्वज झुकवतो तो केवळ शोभेसाठी नसतो. प्रकाशाला पोहोचायला वेळ लागत नाही.

मग भोंग्याने काय होते? दोन वर्षांपूर्वीच्या एका स्पर्धेत आम्ही हा प्रयोग करून बसलो आहोत. ताशाच्या रांगेपुढे दोन माइक लावले आणि मैदानाच्या दोन्ही दारांशी भोंगे. तारेतून आवाज तत्काळ जातो, त्यामुळे मागच्या मुलांना भोंग्यातला ताशा आधी ऐकू आला आणि खरा ताशा नंतर. कानाला दोन आवाजांत सुमारे पाच शतांश सेकंदाहून जास्त अंतर पडले की ते वेगळे ऐकू येऊ लागतात, आणि ताशासारख्या तुटक आवाजात त्याहूनही लवकर. पाच शतांश सेकंद म्हणजे १७ मीटर. आमचे भोंगे त्याच्या दुपटीहून लांब होते. अर्धी मुले एका ताशावर, अर्धी दुसऱ्यावर! मध्येच माइकला भोंग्याचाच आवाज मिळाला आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू झाली. शिवाय ताशाचा प्रत्येक ठोका क्षणभराचा पण फार टोकदार असतो. लहान ध्वनिवर्धकाला ते टोक पेलत नाही, तो ते छाटून टाकतो आणि ऐकू येते ते पत्र्यावर खडे ओतल्यासारखे. बक्षीस तर गेलेच. परत येताना बसमध्ये कोणी बोलत नव्हते, हे आम्हाला अजून आठवते.

तरीही ध्वनिवर्धन मुळातच वाईट असे आम्ही म्हणणार नाही. अमेरिकेत तरुणांच्या ढोल-बिगुल पथकांच्या मोठ्या स्पर्धा होतात. त्यांची संस्था १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्थापन झाली आणि स्पर्धा फुटबॉलच्या मैदानांवर, हजारो प्रेक्षकांपुढे होतात. तिथेही हाच वाद झाला. मैदानाच्या पुढच्या कडेला मारिंबासारखी लाकडी पट्ट्यांची हळू आवाजाची वाद्ये ठेवतात. ती वरच्या रांगांना ऐकू जावीत म्हणून मुले कडक टोकाच्या काठ्यांनी जीव खाऊन मारत, आणि वाद्याचा गोडवा जाई. २००४ च्या हंगामापासून या वाद्यांपुढे माइक लावायला परवानगी मिळाली. २००९ पासून विजेची वाद्येही आली. पहिल्या बदलाने मुलांना हळुवार वाजवता येऊ लागले. दुसऱ्या बदलानंतर मात्र, यंत्राच्या खर्जात बिगुलांचा खरा आवाज बुडतो अशी कुरकूर जुने प्रेक्षक करू लागले. आम्हाला यातून एक कसोटी सापडते. जे वाद्य वाटेत गळते त्याला थोडा हात देणे वेगळे आणि जे आधीच घुमते आहे त्याला आणखी फुगवणे वेगळे. ढोलाला माइक लावण्याचे कारण आम्हाला तरी सापडलेले नाही.

त्याच स्पर्धांत शंभरपैकी चाळीस गुण एकूण परिणामाला असतात, म्हणजे प्रयोग पाहणाऱ्याच्या मनावर काय उमटते त्याला. हे आपल्याकडच्या मुलांनी समजून घेण्यासारखे आहे. आपण पहिल्या ठोक्यापासून पूर्ण जोर लावतो आणि दहा मिनिटे तो सोडत नाही. मग प्रेक्षकाला चढ कळावा कसा? कान सतत मोठ्या आवाजाला सरावतो. जे पथक मध्येच सगळे ढोल थांबवते, एकच ताशा कडेवर हळू तडतडत ठेवते, झांजा दोनदा मिटल्या हाताने वाजवते आणि मग एकदम चाळीस टिपरी खाली आणते, त्याच्यासाठी टाळी पडते. तिथे १५ डेसिबलची उडी मिळते आणि एक पैसा खर्च होत नाही. गच्चीवरून पाहणाऱ्या बायका-मुलांना दिसतात त्या रांगा, वळणे आणि ध्वज. त्यांच्यासाठी पावले एकत्र पडणे हाच अर्धा ताल असतो.

आता कानांबद्दल. हा भाग पालकांनी जरूर वाचावा. गेल्या वर्षी सरावानंतर आपल्या पथकातल्या सातवीच्या एका ताशावाल्याच्या कानात दोन दिवस सूं सूं वाजत होते. त्याने घरी सांगितले नाही, कारण पथकातून काढतील अशी भीती. तो आवाज बंद झाला, पण अशी सूं सूं म्हणजे कानाच्या आतल्या केशपेशी दमल्याची खूण असते. पुन्हा पुन्हा दमल्या तर त्या मरतात आणि नव्या उगवत नाहीत. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे की ८५ डेसिबल आवाजात आठ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि दर ३ डेसिबल वाढीला ही वेळ निम्मी धरावी. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाच्या मिरवणुकीत अभियांत्रिकीचे विद्यार्थी मोजमाप करतात, तिथे आकडा शंभराच्या आसपास येत असतो. आपला सराव दोन तासांचा असतो. कापसाच्या बोळ्याने फारसे काही होत नाही. फोमची बुचे औषधाच्या दुकानात मिळतात, ती पिळून नीट आत बसवली तर आवाज चांगलाच उतरतो आणि ताल तरीही कळतो. बूच घालणारा भित्रा, असे म्हणणाऱ्या मोठ्या मुलांशी आम्ही वेगळे बोलणार आहोत.

कायद्याचेही दोन शब्द. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, बाजारपेठेत ६५ आणि ५५. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद. सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकते. शाळा-रुग्णालयांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. मध्य प्रदेशात डिसेंबर २०२३ मध्ये मर्यादेबाहेरच्या भोंग्यांवर कारवाईचा आदेश निघाला. पुण्यात ऑगस्ट २०२४ मध्ये हरित न्यायाधिकरणाने पथकात तीसच माणसे असावीत असे म्हटले होते, त्याला सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. ढोलांची संख्या किती असावी यावर न्यायालयांत वाद होऊ शकतो. खिडकी लावून घेणाऱ्या आजींच्या झोपेवर मात्र आम्हाला वाद घालावासा वाटत नाही, म्हणून सराव यंदा साडेसातला थांबेल.

ध्वनिवर्धकाबद्दल बैठकीत ठरले ते असे. मिरवणुकीत भोंगा नाही. ताशे रांगेच्या मधोमध चालतील. स्थिर वादनात ताशाला एक माइक लावून पाहायचा, पण पेटी ताशांच्या अगदी मागे, पाच मीटरच्या आत ठेवायची आणि आवाज इतकाच की पेटी चालू आहे की बंद हे पहिल्या रांगेला कळू नये. येत्या रविवारी सकाळी नऊला मैदानावर ही चाचणी आहे. आठवी ते दहावीच्या मुलांनी वही आणि मोबाइलवरचे आवाज मोजण्याचे अ‍ॅप घेऊन यावे. ते अ‍ॅप प्रयोगशाळेच्या यंत्राइतके अचूक नसते, पण दोन जागांची तुलना करायला चालते. दहा, वीस आणि चाळीस मीटरवर उभे राहून तीन आकडे लिहा : नुसते ढोल, ढोल आणि ताशा, आणि माइकसह. शेवटी डोळे मिटून ताशाचे बोल कळतात का तेही लिहा. ते मोजायला अ‍ॅप लागत नाही. आजींनाही बोलावले आहे. त्यांची खुर्ची चाळीस मीटरवर, कडुलिंबाखाली.