देवीची निद्रा : तुळजापूरच्या शारदीय नवरात्राचा एक अभ्यास

नवरात्र म्हटले की आपल्यासमोर उभे राहते ते जागरण. अखंड तेवणारा नंदादीप, रात्रभर चालणारा गोंधळ, आराध्यांची गाणी, हे सारे जागेपणाचेच प्रकार आहेत. परंतु ज्या तुळजाभवानीला महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबे कुलस्वामिनी मानतात, तिच्या मंदिरातील नवरात्राची सुरुवात निद्रेने होते आणि शेवटही निद्रेनेच होतो. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण तिचा विचार कधी केला नव्हता. तो का करावासा वाटला, ते लेखाच्या ओघात येईलच. प्रथम मंदिर आणि मूर्ती यांविषयी थोडी माहिती देते.

मंदिर आणि मूर्ती

तुळजापूर हे बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले गाव धाराशिव जिल्ह्यात (२०२३ पर्यंतचा उस्मानाबाद जिल्हा) आहे. सोलापूरहून ते सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. आजही यात्रेत मराठीइतकीच कानडी आणि तेलुगू कानांवर पडते, याचे एक कारण या इतिहासात आहे. स्कंदपुराणातील सह्याद्रिखंडात क्षेत्राची कथा येते. कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती हिला कुकुर नावाच्या दैत्याने त्रास दिला, तेव्हा तिच्या हाकेला देवी त्वरेने धावून आली. म्हणून ती ‘त्वरिता’. त्याचेच पुढे ‘तुरजा’ आणि ‘तुळजा’ झाले, असे सांगतात.

या मंदिराचे वैशिष्ट्य असे की येथे देवीकडे चढून जायचे नसते, उतरून जायचे असते. महाद्वारातून आत गेल्यावर पायऱ्या उतरत आपण कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ ओलांडतो आणि आणखी खाली मुख्य मंदिराच्या प्रांगणात येतो. समोरच होमकुंड आहे. गाभाऱ्यातील मूर्ती काळ्या पाषाणाची, अष्टभुजा, महिषासुरमर्दिनीच्या रूपातील आहे.

आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही मूर्ती चल आहे. बहुतेक मंदिरांत मूळ मूर्ती जागची हलत नाही. उत्सवात मिरवायची ती उत्सवमूर्ती वेगळी असते. तुळजापुरात मात्र मूळ मूर्तीच सिंहासनावरून उचलली जाते. ती शेजघरात निजते, पालखीत बसते आणि पुन्हा सिंहासनावर येते. त्यामुळे येथील मंदिर हे केवळ दर्शनाचे ठिकाण राहत नाही. ते एक नांदते घर होते. घरात जसे उठणे, नटणे, राबणे, थकणे आणि निजणे असते, तसे ते येथेही आहे.

तीन निद्रा

देवीच्या वर्षात तीन निद्रा आहेत. पहिली घोर निद्रा. भाद्रपद वद्य अष्टमीला देवी शेजघरातील पलंगावर निजते आणि आश्विन शुद्ध प्रतिपदेच्या पहाटे सिंहासनावर येते. त्याच दिवशी दुपारी घटस्थापना होते. दुसरी श्रम निद्रा. ही विजयादशमीपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत. तिसरी मोह निद्रा; ही पौष महिन्यात, शाकंभरी नवरात्राच्या आधी येते. या तिन्ही मिळून वर्षातील सुमारे २१ दिवस होतात. पहिली निद्रा महिषासुराशी होणाऱ्या युद्धापूर्वीची आणि दुसरी युद्धानंतरच्या श्रमपरिहाराची, असा त्यांचा अर्थ भाविक लावतात.

निद्रेच्या तयारीत देवीच्या गाद्यांचा कापूस नव्याने पिंजून घेतात. त्या कामासाठी बायका एकत्र जमतात. निद्रेच्या दिवसांत एरवीच्या अभिषेकपूजा बंद असतात.

येथे एक शंका येते. देवीला झोप कशाला? शक्तीला थकवा कसा येईल? या शंकेचे उत्तर मला नवरात्रातीलच एका पूजेत सापडले. या नऊ दिवसांत देवीच्या रथ, मुरली, शेषशाही, भवानी तलवार आणि महिषासुरमर्दिनी अशा अलंकार महापूजा मांडल्या जातात. भवानी तलवार पूजेत देवी छत्रपती शिवाजी महाराजांना तलवार देत आहे, असा लोकश्रद्धेतील प्रसंग दाखवतात. शेषशाही पूजेमागची कथा दुर्गासप्तशतीच्या पहिल्या अध्यायातील आहे. विष्णू शेषावर निजलेला असतो, मधू आणि कैटभ हे दैत्य ब्रह्मदेवावर धावून येतात, आणि ब्रह्मदेव विष्णूला हाका न मारता त्याच्या डोळ्यांतील योगनिद्रेची स्तुती करतो. ती डोळ्यांतून बाहेर पडते तेव्हाच विष्णू जागा होतो. म्हणजे निद्रा हीच देवी आहे! तेव्हा झोप हा शक्तीचा अभाव नसून शक्तीचेच एक रूप आहे, असे या परंपरेचे म्हणणे दिसते.

पलंग आणि पालखी

श्रम निद्रेसाठी लागणारा पलंग तुळजापुरात तयार होत नाही. तो पुणे जिल्ह्यातील घोडेगाव येथे घडवला जातो आणि गावोगावी मुक्काम करीत अहिल्यानगरजवळच्या भिंगारला येतो. सीमोल्लंघनाची पालखी त्याच परिसरातील बुऱ्हाणनगरहून येते. तिचा मान तेथील तेली समाजातील घराण्याकडे आहे. (अहमदनगरचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण जुनी माणसे अजून ‘नगरचा पलंग’ असेच म्हणतात.) वाटेतल्या गावांत बायाबापड्या पलंगापुढे पाणी ओततात, ओटी भरतात. ज्यांना तुळजापूरला जाणे जमत नाही, त्यांची यात्रा तेथेच घडते. नवमीच्या रात्री पलंग आणि पालखी तुळजापुरात वाजतगाजत येतात.

विजयादशमीच्या पहाटे मूर्ती सिंहासनावरून काढतात. तिला धक्का लागू नये म्हणून तिच्याभोवती साड्या गुंडाळतात. या साड्यांची संख्या १०८ सांगितली जाते. मग कुंकवाच्या उधळणीत आणि ‘आई राजा उदो उदो’च्या गजरात पालखी मंदिराला प्रदक्षिणा घालते, पिंपळाच्या पारावर टेकते आणि देवी भिंगारच्या पलंगावर निजते. पालखी दरवर्षी नवी असते. जुनी पुन्हा वापरत नाहीत.

या उत्सवाविषयी बोलताना अभ्यासक ‘मान’ या शब्दावर भर देतात, आणि ते योग्यच आहे. भोपे, उपाध्ये, गोंधळी, आराधी, पलंग घडवणारे, पालखी आणणारे अशा अनेक जातींना आणि गावांना येथे ठरलेले काम आहे. एकाने काम सोडले तर पुढच्याचे अडते. घोडेगावचा सुतार आणि तुळजापूरचा भोपी एरवी कधी भेटणार नाहीत. पण मंदिराचे पंचांग त्यांना एका दोरीत ओवते. उत्सवातील मंदिराची खरी कामगिरी ही आहे, असे मला वाटते.

पौर्णिमेची वाट

आता थोडे माझ्या घराविषयी. आमचे घर सोलापुरात. आई घरी विड्या वळते. तेंदूची पाने भिजवणे, कात्रीने कापणे, वळणे, सुताने बांधणे, हे सारे करून दिवसाला हजाराच्या जवळपास विड्या भराव्या लागतात. कारखान्यात माल दिला की त्यातल्या काही विड्या बाजूला काढतात. ती ‘छाट’ ज्या दिवशी जास्त निघते, त्या दिवशी आईची रात्र दिव्याखालीच जाते. मीही तिला मदत करते आणि उरलेल्या वेळात कॉलेज करते.

कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाण्याची प्रथा मोठी आहे. चतुर्दशीच्या संध्याकाळपासून रस्ता माणसांनी भरून जातो. वाटेत चहा, केळी, खिचडी वाटणारे मांडव लागतात. पाय चोळून देणारी मंडळीही बसलेली असतात. पौर्णिमेच्या पहाटे श्रम निद्रा संपून देवी सिंहासनावर येते, त्या वेळी आपण मंदिरात असावे, असा आईचा नेम. आधीच्या दोन वर्षी तिच्या गुडघ्यांमुळे तो चुकला होता. गेल्या वर्षी ती हट्टाने निघाली. निघण्याच्या दिवशीही दुपारी तिने माल पोहोचवला होता.

तामलवाडी मागे टाकून घाट चढेपर्यंत तिने एकदाही ‘थांबू’ म्हटले नाही. पहाटे आम्ही दर्शनाच्या रांगेत लागलो. रांग थबकली तशी ती भिंतीला टेकून बसली आणि बसल्या बसल्या झोपली. थोड्या वेळाने रांग हलली. मागचे लोक म्हणाले, “बाई, उठवा की त्यांना.” मी आईच्या तोंडाकडे पाहिले. एवढी गाढ झोपलेली मी तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. मी लोकांना पुढे जाऊ दिले. आतून संबळ आणि नगारा ऐकू आला तेव्हाही मी तिला हात लावला नाही.

ती जागी झाली तेव्हा उजाडले होते. प्रथम तिला काही कळेना. मग ती रडवेली झाली. म्हणाली, “उठवलं का नाहीस गं? दोन वर्सं झाली मला.”

मी म्हणाले, “देवीसुद्धा आत्तापर्यंत झोपलीच होती की.”

त्यावर ती म्हणाली, “तिचा पलंग नगरहून येतो बाई. आपला कोण आणतंय?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. नंतर आम्ही पुन्हा रांगेत लागलो, दर्शन घेतले आणि एस. टी.ने घरी आलो. पण ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. प्रस्तुत लेख लिहिण्याचे कारण तेच.

एक निष्कर्ष

या उत्सवात देवीला विश्रांती मिळावी म्हणून किती हात राबतात, ते आपण वर पाहिले. कोणी लाकूड घडवतो, कोणी खांद्यावर वाहतो, कोणी कापूस साफ करतो. विश्रांती ही आपोआप मिळणारी गोष्ट नाही. ती दुसऱ्या कोणी तरी उभी करून द्यावी लागते, हे आपल्या पूर्वजांना नीट समजले होते. त्यांनी तिला मुहूर्त दिला, मान दिला. युद्ध जिंकणाऱ्या देवीलाही पाच दिवस कोणी उठवू नये, अशी सोय केली. मात्र हा अर्थ आपण गाभाऱ्यातच ठेवून आलो. नवरात्रात घर धुऊन काढणारी, नऊ दिवस उपास करून सर्वांचा स्वयंपाक करणारी बाई दसऱ्याला थकली असेल, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. मंदिराने शिकवलेला पाठ आपण अर्धाच गिरवला.

माझे हे मत सर्वांना पटेल असे नाही. कोणी म्हणेल की देवाच्या गोष्टी देवाला आणि माणसाच्या माणसाला. पण जिला आपण ‘आई’ म्हणून हाक मारतो, तिच्या घरची रीत आपल्या घरी आणण्यात अनादर कसा होईल, ते मला कळत नाही.

या वर्षी दसऱ्यापासून पौर्णिमेपर्यंत दिवेलागणीनंतर पानांचे सूप उघडायचे नाही, असे मी ठरवले. पहिल्या रात्री आई म्हणाली, “हजार कसे भरायचे?” मी म्हणाले, “नाही भरणार.” ते भरले नाहीतच, आणि त्या आठवड्याचे पैसेही कमी आले, ते मी लपवत नाही. अंथरूण मी घातले. पहिल्या दोन रात्री तिला सवयीने झोप येईना, ती उठून बसायची. तिसऱ्या रात्री मात्र ती लवकर झोपली, आणि सकाळी नळाला पाणी आले तेव्हा हंडे घेऊन मीच गेले.