नंबर फ्रेमवर, वर्ष हबवर

प्रश्न : जुमेरात बाजारातून एक जुनी तीन गिअरची रॅले सायकल घेतली. विकणारा म्हणाला, 'निजामाच्या काळातली आहे.' खरं वर्ष कसं ओळखायचं?
– एक वाचक, नारायणगुडा, हैदराबाद

उत्तर : विकणाऱ्याचं बोलणं सोडा, मागचं चाक पाहा. तीन गिअरच्या रॅलेला बहुतेक 'स्टर्मी-आर्चर'चा हब असतो. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने त्याच्या पोटावरचा जुना काळा थर हळूहळू पुसा. 'एडब्ल्यू' ही अक्षरं दिसतील आणि जवळच इंग्रजीत बारीक आकडे. '५२ ७' असेल तर हब जुलै १९५२ चा. हा नमुनाच १९३६ साली आला, त्यामुळे त्याआधीचा दावा कुणी केला तर मानू नका.

मात्र ही तारीख हबची आहे, सायकलची नव्हे. आपल्याकडे चाकं सर्रास बदलली जातात. म्हणून पुढच्या बिल्ल्यावर बगळ्याचं डोकं आहे का, पेडलजवळच्या दातेरी चक्रात तेच बगळे कोरलेले आहेत का, ते बघा. बिल्ल्यावर 'सेन-रॅले' असेल तर सायकल इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या मूळ रॅले कारखान्यातली नाही, आसनसोलच्या कारखान्यातली, म्हणजे निजामाची राजवट संपल्यानंतरची. माझ्या मते तीही तितकीच जपण्यासारखी. फ्रेमवरचा नंबर टिपून ठेवा, पण एकट्या त्यावरून वर्ष ठरवू नका.

एक कळकळीची विनंती : तारीख वाचून होईपर्यंत रंगाऱ्याकडे नेऊ नका. पॉलिश पेपरने घासलेला आकडा पुन्हा उमटत नाही.