फुटक्या बांगडीपासून क्षितिजापर्यंत

भूमितीच्या तासाला एक प्रश्न हमखास येतो. फळ्यावर सिद्धता पूर्ण झालेली असते, सर्वांनी माना डोलावलेल्या असतात, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी विचारते, "सर, सगळे पटले, पण या दोन बिंदूंना जोडायचे, हे सुचले कसे?" प्रश्न अगदी रास्त आहे. पुस्तकात 'रचना : रेख अक काढा' एवढेच छापलेले असते, ती का काढायची, ते नसते. मग विद्यार्थी रचनाच पाठ करून टाकतो, आणि परीक्षेत आकृती जरा फिरवून दिली की अडून बसतो.

आज वर्तुळाचे एकच प्रमेय घेऊ आणि त्यातील हे 'का' शोधू. कागद, कंपास आणि मोजपट्टी जवळ घ्या; हा लेख नुसता वाचण्याचा नाही.

एक मोठे वर्तुळ काढा. त्यात एकमेकींना छेदणाऱ्या अब आणि कड या दोन जीवा काढा. छेदनबिंदूला प म्हणा. मात्र एक पथ्य पाळा : जीवा केंद्रातून नेऊ नका, आणि प हा कोणत्याही जीवेचा मध्यबिंदू होऊ देऊ नका. आकृती फार देखणी काढली की ती फसवू लागते. जे दिलेलेच नाही ते डोळ्यांना दिसते आणि नकळत सिद्धतेत शिरते. उत्तरपत्रिका तपासताना मला सर्वांत जास्त चुका याच जातीच्या आढळल्या आहेत.

आता अप, पब, कप आणि पड या लांबी मोजा. अप × पब काढा, मग कप × पड काढा. मोजणीत थोडा फरक राहील, पण दोन्ही गुणाकार जवळजवळ सारखे येतील. वेगळ्या जीवा घेऊन पुन्हा करून पाहा.

हे सिद्ध कसे करायचे? आकृतीकडे नको, आधी साध्याकडे पाहा. दोन गुणाकार समान आहेत. हीच गोष्ट गुणोत्तरांत लिहिली तर अप : पड = कप : पब. बाजूंची गुणोत्तरे समान म्हटली की समरूप त्रिकोण आठवले पाहिजेत. अप आणि कप या ज्या त्रिकोणाच्या बाजू असतील त्याचे शिरोबिंदू अ, प, क. पड आणि पब या ज्याच्या बाजू असतील त्याचे शिरोबिंदू ड, प, ब. पण हे त्रिकोण आकृतीत आहेत कुठे? प्रत्येकाची एकेक बाजू काढायची राहिली आहे. म्हणून रेख अक आणि रेख बड काढायच्या. सुचले ते असे. रचना आकाशातून पडत नाही. ती साध्याच्या पोटात दडलेली असते.

पुढचे काम सोपे आहे. ∠अपक आणि ∠डपब हे विरुद्ध कोन, म्हणून एकरूप. ∠कअब आणि ∠कडब हे एकाच कंसाने अंतर्खंडित केलेले अंतर्लिखित कोन, म्हणून तेही एकरूप. को-को कसोटीनुसार दोन्ही त्रिकोण समरूप झाले आणि गुणोत्तर हाती आले. येथे एकच खबरदारी घ्यायची. अ ची संगती ड शी आहे, ब शी नाही. संगती चुकली की अप : पब असे भलतेच गुणोत्तर लिहिले जाते.

आता कड हा व्यास घ्या आणि अब ही त्याला लंब असलेली जीवा. केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो, म्हणून अप आणि पब समान झाले. कप या छोट्या तुकड्याला जुने गणिती 'शर' म्हणत. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी, कंस म्हणजे धनुष्य, आणि मधला तो बाण. प्रमेयाला आता असे रूप येते :

(अर्धी जीवा)² = शर × (व्यास − शर)

इ. स. 499 च्या सुमारास लिहिलेल्या 'आर्यभटीया'त हा नियम आहे. त्यावर 629 साली भाष्य लिहिणाऱ्या पहिल्या भास्करांनी याच नियमाखाली पाण्यातल्या कमळाची उदाहरणे सोडवली. पुढे 1150 मध्ये भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही कमळ आले. हे भास्कराचार्य दुसरे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापला, असे सांगणारा 1207 सालचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

उदाहरण असे : तळ्यात कमळाची कळी पाण्यावर अर्धा हात दिसते. वाऱ्याने ती कलत गेली आणि दोन हात अंतरावर पाण्यात बुडाली. पाणी किती खोल? येथे वर्तुळ कुठे आहे, ते आधी स्वतः शोधा. देठ तळाशी रोवलेला आहे, म्हणून कळी ज्या मार्गाने कलली तो वर्तुळाचा कंस. देठाचे मूळ हे केंद्र, आणि पाण्याचा पृष्ठभाग ही जीवा. अर्धी जीवा 2 हात, शर ½ हात. 4 = ½ × (व्यास − ½), म्हणून व्यास 8½ हात, देठ 4¼ हात, आणि खोली 3¾ हात.

आता घरातले उदाहरण. बांगडी फुटली, तुकडा हाती आहे; बांगडी केवढी होती? तुकड्याच्या आतल्या कडेची टोके जोडणारी जीवा मोजा, आणि जीवेच्या मध्यापासून कडेपर्यंतचा शर मोजा. समजा जीवा 4.8 सेंमी आणि शर 1.2 सेंमी आला. अर्ध्या जीवेचा वर्ग 5.76, त्याला 1.2 ने भागले की 4.8, त्यात शर मिळवला की व्यास 6 सेंमी. कासार ज्याला दोन-सहा म्हणतो, ते माप म्हणजे आतला व्यास 2 इंच आणि वर इंचाचे 6 सोळांश, म्हणजे 6 सेंमीहून किंचित जास्त. आपले उत्तर त्याच्या जवळचे आहे.

मी हा प्रयोग पहिल्यांदा वर्गात केला तेव्हा चांगलाच फजित झालो होतो. तुकडा लहान घेतला होता. कारण पाहा. याच बांगडीचा 2.4 सेंमी जीवेचा तुकडा घेतला तर शर अवघा पाव सेंटिमीटर भरतो. तो मोजताना एका मिलिमीटरची चूक होऊन 0.15 सेंमी लिहिला गेला, तर व्यास येतो 9.75 सेंमी, म्हणजे बांगडी नव्हे, मोठी वाटीच! मोठ्या तुकड्यात तीच चूक झाली आणि 1.2 ऐवजी 1.1 लिहिले, तर उत्तर 6.3 च्या आसपास येते. सूत्र दोन्हीकडे बरोबरच आहे, पण छोट्या शराने भागताना मोजणीची चूक फुगते. शक्य तेवढा मोठा तुकडा घ्यावा, हे सूत्रात लिहिलेले नसते.

पुन्हा पहिल्या आकृतीकडे वळू. दोन्ही जीवा ब आणि ड च्या बाजूला वाढवल्या आणि त्या वर्तुळाबाहेर प मध्ये मिळाल्या, तर काय होईल? पअ × पब = पक × पड हे तसेच टिकते. या वेळी अड आणि बक जोडा. प चा कोन दोन्ही त्रिकोणांत सामाईक आहे. बाकी तुम्ही पुरे करा. आता प तसाच ठेवून कड ही छेदिका हळूहळू बाहेर फिरवा. क आणि ड जवळ येत येत एका बिंदूत, ट मध्ये, मिळून जातात आणि छेदिकेची स्पर्शिका होते. पक आणि पड दोन्ही पट झाले. म्हणून

पट² = पअ × पब

फिरवणे ही सिद्धता नव्हे, हे खरे. सिद्धतेसाठी टअ आणि टब जोडा. ∠पटब आणि ∠टअब एकरूप आहेत, कारण स्पर्शिका आणि जीवा यांमधील कोन एकांतर वृत्तखंडातील कोनाएवढा असतो. पण रचना सुचण्यासाठी असे फिरवून पाहण्यासारखे दुसरे साधन नाही.

समुद्रकिनाऱ्यावर उभे राहा. तुमचा डोळा म्हणजे प, पाण्यापासून समजा 1.5 मीटर उंच. क्षितिजाकडे जाणारी दृष्टिरेषा पृथ्वीच्या वर्तुळाला ट मध्ये स्पर्श करते. डोळ्यातून पृथ्वीच्या केंद्रापर्यंत आणि पलीकडे जाणारी रेषा ही छेदिका : जवळचा तुकडा 1.5 मीटर, दूरचा पृथ्वीच्या व्यासाहून तेवढाच जास्त. व्यास सुमारे 12,742 किमी. त्यात दीड मीटर मिळवला न मिळवला सारखेच. 0.0015 × 12,742 म्हणजे सुमारे 19.1, आणि त्याचे वर्गमूळ 4.4. अथांग वाटणाऱ्या त्या समुद्राची कड जेमतेम साडेचार किलोमीटरवर आहे! (हवेत प्रकाश किंचित वाकतो, म्हणून प्रत्यक्षात अंतर थोडे वाढते.) 40 मीटर उंचीवरील दीपगृहाच्या दिव्यासाठी हेच अंतर 22.6 किमी येते, आणि जहाजावर 10 मीटर उंचीवर उभ्या खलाशासाठी 11.3 किमी. दिवा खलाशाला प्रथम किती अंतरावरून दिसेल? दोन्ही अंतरांची बेरीज करा, आणि बेरीजच का, ते आकृतीवरून ठरवा.

शेवटी दोन उदाहरणे. एकमेकांना अ आणि ब मध्ये छेदणारी दोन वर्तुळे काढा. त्यांची सामाईक स्पर्शिका एकाला ट मध्ये आणि दुसऱ्याला ठ मध्ये स्पर्श करते. अब वाढवली तर ती रेख टठ ला दुभागते. छेदनबिंदू न घ्या : नट² = नअ × नब, आणि नठ² ही तेवढाच. संपले!

दुसरे तुमच्यासाठी. वेगवेगळ्या मापांच्या तीन बांगड्या कागदावर अशा ठेवा, की प्रत्येक बांगडी उरलेल्या दोघींना दोन-दोन बिंदूंत छेदेल आणि मध्ये तिघींचा मिळून एक सामाईक भाग राहील. त्यांच्या आतल्या कडा गिरवा आणि प्रत्येक जोडीची सामाईक जीवा काढा. तिन्ही जीवा एकाच बिंदूतून जातात. सिद्धतेसाठी पहिल्या दोन जीवांचा छेदनबिंदू प घ्या. तिसऱ्या जोडीच्या एका छेदनबिंदूतून प कडे रेषा काढा आणि ती पुढे त्या जोडीतल्या प्रत्येक वर्तुळाला कोठे छेदते ते पाहा. हे दोन बिंदू वेगळे असू शकतील का?