हात आणि यंत्र



किराणा दुकानात तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा फोडताना तुम्ही पाहिले असेल. दुकानदार एका हाताने डबा धरतो. डब्याच्या कोपऱ्यावर पेचकस टेकवतो आणि त्यावर हातोडीचा ठोका देतो. मग समोरच्या कोपऱ्यालाही एक लहान भोक पाडतो. एका भोकातून तेल बाहेर येते, दुसऱ्यातून हवा आत जाते. दोन मिनिटांचे काम! पण पेचकस घसरला तर? पत्र्याची फाटलेली कड बोटाला लागली तर?

अशी जखम झाली की आपण लगेच म्हणतो, “जरा लक्ष देऊन काम करायचे ना!” लक्ष द्यायला हवे, हे खरेच आहे. पण चूक फक्त हाताचीच असते का? की त्या हातात दिलेल्या औजाराचीही काही चूक असते? आजचा पाठ याच प्रश्नाविषयी आहे.

औजार, कारागीर, चाकू, जखम हे शब्द तुम्हांला नवे नाहीत. ते उर्दूतही आहेत आणि मराठीतही आहेत. कामाचे शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत सहज जातात, कारण काम सगळ्यांचे सारखेच असते आणि जखमही सगळ्यांना सारखीच दुखते.

डबा आधी, किल्ली नंतर

अन्न टिकवण्यासाठी ते पत्र्याच्या डब्यात बंद करण्याच्या पद्धतीचे पेटंट इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँड यांना 1810 साली मिळाले. डबा मजबूत होता. त्यातले अन्न लवकर नासत नसे. पण तो उघडायचा कसा, याचा विचार कोणी केला नव्हता! लोक छिन्नी आणि हातोडी घेऊन डबा फोडत. अमेरिकेतील एझ्रा वॉर्नर यांनी डबा उघडण्याच्या औजाराचे पेटंट घेतले, ते 1858 साली. मध्ये किती वर्षे गेली, ते तुम्हीच मोजा.

वॉर्नर यांच्या औजाराला टोकदार पाते होते. ते पत्र्यात खुपसून पुढे पुढे नेत डबा कापावा लागे. पाते घसरले तर इजा होण्याची भीती होतीच. 1870 साली विल्यम लायमन यांनी पात्याच्या जागी गोल फिरणारे धारदार चाक बसवले. हे चाक डब्याच्या कडेने फिरत फिरत झाकण कापी. आता पाते खुपसत नेण्याची गरज उरली नाही.

पुढे विसाव्या शतकात विजेवर चालणारे डबा-उघडणी यंत्र आले. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. डब्याची कड एका दातेरी चाकात अडकते. मोटर ते चाक फिरवते, त्याबरोबर डबा गोल फिरतो आणि धारदार चाक झाकण कापत जाते. कापलेले झाकण वरच्या लोहचुंबकाला चिकटून राहते. ते डब्यात पडत नाही, म्हणून ते काढायला बोटे आत घालावी लागत नाहीत. काही यंत्रांत दांडा दाबून धरला तरच मोटर चालते; हात उचलला की ती थांबते. काही यंत्रे झाकण अशा तऱ्हेने कापतात, की पत्र्याची कड बोथट राहते.

म्हणजे पाहा, यंत्र बनवणाऱ्याने केवळ डब्याचा विचार केला नाही. त्याने हाताचाही विचार केला.

चार प्रश्न

कोणतेही कापणारे, दळणारे किंवा फिरणारे यंत्र तयार करताना चार प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न : हे यंत्र कोण वापरणार? बळकट हातांचा तरुण, की सांधे दुखणारी आजी?

दुसरा प्रश्न : यंत्र चालू असताना हात कोठे असणार? पात्याजवळ, की पात्यापासून दूर?

तिसरा प्रश्न : माणसाची चूक झाली तर काय होईल?

चौथा प्रश्न : यंत्र किती लवकर आणि किती सहज थांबेल?

यांतला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. माणूस थकतो, घाई करतो, कोणी हाक मारली तर वळून बघतो. त्याच्या हातून चूक होणारच. चांगले यंत्र ही गोष्ट आधीच ओळखून तयार केलेले असते.

पहिल्या प्रश्नाचे एक सुंदर उदाहरण अमेरिकेत घडले. सॅम फार्बर यांच्या पत्नी बेट्सी यांना संधिवात होता. भाजी सोलण्याची बारीक दांड्याची सोलणी त्यांच्या हातात नीट बसत नसे. ते पाहून फार्बर यांनी जाड, मऊ आणि न घसरणाऱ्या मुठीची औजारे तयार करून घेतली. ती 1990 साली बाजारात आली. दुखऱ्या हातांसाठी केलेली ही मूठ चांगल्या हातांनाही आवडली. दुर्बळाची सोय केली, की सर्वांचीच सोय होते.

मुंबईचा मिक्सर

आपल्या घरांत डबा-उघडणी यंत्र फारसे दिसत नाही. पण विजेवर चालणारे कापणारे यंत्र अनेक घरांत आहे. ते म्हणजे मिक्सर. आपल्या धाराशिव जिल्ह्यात काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, खोबऱ्याचे वाटण रोज लागते. पूर्वी हे सगळे पाट्यावर किंवा खलबत्त्यात व्हायचे. अम्मी आणि नानीचे हात भरून येत.

मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे अभियंते राहत होते. त्यांच्या घरी ब्राउन या जर्मन कंपनीचा मिक्सर होता. एकदा त्याची मोटर जळाली आणि त्यांच्या पत्नी माधुरी माथुर यांचे काम अडले. परदेशी मिक्सर तिकडच्या स्वयंपाकासाठी बनवलेला होता. सुकी हळद, खोबरे, भिजवलेली डाळ असे आपल्याकडचे कठीण काम त्याला कसे झेपणार? माथुर यांनी आपल्या स्वयंपाकघराला पुरेल अशा जोरदार मोटरचा मिक्सर तयार करायचे ठरवले. 1963 साली त्यांनी कंपनी स्थापन केली. त्यांचा ‘सुमीत’ मिक्सर पुढे देशभर घराघरांत पोचला. सुमीत म्हणजे चांगला मित्र.

आता घरातला मिक्सर डोळ्यांसमोर आणा आणि आपले चार प्रश्न त्याला विचारा.

मिक्सरचे पाते मिनिटाला सुमारे अठरा ते वीस हजार फेरे घेऊ शकते. म्हणून ते भांड्याच्या तळाशी ठेवलेले असते आणि वर झाकण असते. हात पात्यापासून दूर राहतो. मिक्सरच्या बटणाला एक खास बाजू असते. त्या बाजूला बटण धरून ठेवले, तरच मोटर चालते. सोडले की बटण आपोआप शून्यावर येते. भांड्यात फार जड काम घातले आणि मोटर तापली, तर आतली कळ वीज तोडते. मोटर थंड झाल्यावर मिक्सरखालचे लहान बटण दाबले, की मिक्सर पुन्हा चालू होतो. तळाचे रबरी पाय ओट्याला घट्ट धरतात. तीन पिनांच्या प्लगमधील जाड आणि लांब पिन जमिनीशी जोडलेली असते. ती सॉकेटमध्ये सर्वांत आधी शिरते आणि सर्वांत शेवटी बाहेर येते, म्हणजे वीज येण्याआधीच संरक्षण तयार असते.

ही सगळी रचना आपल्यासाठी पहारा देत असते. तरी काही काळजी आपणच घ्यायची असते. बटण बंद केल्यावरही पाते क्षणभर फिरत राहते, म्हणून ते थांबेपर्यंत झाकण उघडू नये. पात्याखाली अडकलेले वाटण काढण्यापूर्वी प्लग काढावा आणि बोटांऐवजी चमचा वापरावा. उकळता पदार्थ बंद भांड्यात फिरवू नये. वाफेच्या जोराने झाकण उडते. ओल्या हाताने बटणाला हात लावू नये.

बैल थांबतो, यंत्र थांबत नाही

आता स्वयंपाकघरातून शेतात जाऊ. तेथे याच चार प्रश्नांवर माणसाचा अख्खा हात अवलंबून असतो.

आपल्या जिल्ह्यात सोयाबीन, ज्वारी, हरभरा, तूर ही पिके होतात. पूर्वी खळ्यावर बैल फिरवून रास केली जाई. कोणी अडखळले, कोणी ओरडले, तर बैल थांबत. आता मळणी यंत्र आले आहे. दिवसांचे काम तासांत होते. पण यंत्राला ओरडणे ऐकू येत नाही.

मळणी यंत्राच्या आत दातेरी ड्रम वेगाने फिरतो. त्याच्या तोंडाशी एक पन्हळ असते. मजूर पिकाच्या पेंढ्या त्या पन्हळीतून आत सारतो. पन्हळ आखूड असेल आणि पेंढी ओली असेल, तर ती आत ढकलण्यासाठी हात पुढे जातो. ड्रम पेंढी ओढतो आणि तिच्याबरोबर हातही ओढतो. कधी ओढणी, पदर किंवा सैल बाही अडकते. पाऊस येण्याआधी रास उरकायची घाई असते. कधी रात्री अंधुक उजेडात काम चालते. अशा वेळी “लक्ष द्यायला हवे होते” एवढे म्हणून कसे चालेल?

यावर उपाय साधा आहे. भारतीय मानकानुसार सुरक्षित पन्हळ किमान 90 सेंटिमीटर लांब असावी आणि ड्रमाच्या बाजूचा तिचा 45 सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा. एवढे अंतर का? पन्हळीच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसाने हात पूर्ण लांब केला, तरी तो ड्रमापर्यंत पोचू नये म्हणून! एका पत्र्याच्या तुकड्याने एक हात वाचतो. त्या हातावर एक घर चालते.

याच विचाराने आपल्या संसदेने 1983 साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. मळणी यंत्र त्यात येते. यंत्रावर काम करताना इजा किंवा मृत्यू झाला, तर भरपाई देण्याची तरतूदही त्या कायद्यात आहे. सुरक्षित यंत्र मिळणे ही मेहेरबानी नाही, तो काम करणाऱ्याचा हक्क आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या अभियंता होईल, कोणी वेल्डिंगचे दुकान चालवील, कोणी शेती करील, कोणी यंत्र विकत घेईल. त्या वेळी हे चार प्रश्न विसरू नका. यंत्र किती वेगाने कापते, हे तर पाहाच. पण ते कोणाला कापत नाही ना, हे आधी पाहा. आणि कोणाच्या हाताला जखम झाली, तर त्याला रागावण्यापूर्वी त्याच्या हातातल्या औजाराकडेही एकदा नजर टाका.

शब्दार्थ

इजा – चोट, जखम
रचना – बनावट
सावधगिरी – एहतियात
अभियंता – इंजिनिअर
रास करणे – पिकातून दाणे वेगळे करणे
पन्हळ – उघड्या नळीसारखा उतरता पत्रा
पेंढी – कापलेल्या पिकाची बांधलेली जुडी
भरपाई – नुकसानीबद्दल दिलेली रक्कम
हात भरून येणे – काम करून हात दुखणे

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) तेलाच्या डब्याला दोन भोके का पाडतात?
(आ) विल्यम लायमन यांनी पात्याच्या जागी काय बसवले?
(इ) लोहचुंबकामुळे कोणता धोका टळतो?
(ई) ‘सुमीत’ या शब्दाचा अर्थ काय?

प्र. 2. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) यंत्र तयार करताना कोणते चार प्रश्न विचारावेत?
(आ) मळणी यंत्राची पन्हळ लांब आणि झाकलेली का असावी?
(इ) “बैल थांबतो, यंत्र थांबत नाही.” या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

प्र. 3. विरुद्धार्थी शब्द लिहा.
बोथट, सैल, दुर्बळ, आखूड, सुरक्षित

प्र. 4. वाक्यात उपयोग करा.
नजर टाकणे, काम अडणे, काळजी घेणे

उपक्रम

(1) आपल्या काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत हाताची लांबी मोजा. घरातील मोठ्या माणसाचीही मोजा. ती 90 सेंटिमीटरपेक्षा कमी आहे का, ते वहीत लिहा.
(2) घरातील विळी, अडकित्ता, किसणी किंवा मिक्सर यांपैकी एक वस्तू निवडा. मोठ्या माणसांसमोर, ती बंद असताना, तिचे निरीक्षण करा. तिला चार प्रश्न विचारा. ती अधिक सुरक्षित व सोपी करण्यासाठी तुम्ही कोणता बदल कराल, त्याचे चित्र काढा आणि वर्गात मराठीतून सांगा.