अँटेना नंतर, आधी वीज बघ

अगं, नंजनगूडच्या लॉजला वायफाय लावायचं म्हणालीस आणि लगेच सहा अँटेनांच्या राउटरचा फोटो पाठवलास! आधी मला सांग, वीज गेल्यावर तुझ्या इन्व्हर्टरवर काय काय चालतं? श्रीकंठेश्वराच्या रथोत्सवात खोल्या भरलेल्या असताना वायफाय बसलं, तर गिऱ्हाईक अँटेना मोजत नाही, तुझ्या नावानं हाका मारतं.

हिशेब करू. फायबरचा डबा आणि राउटर मिळून वीसेक वॉट धर, वरच्या मजल्यांवरचे दोन ॲक्सेस पॉइंट दहा-दहाचे. झाले चाळीस. अखंड चालले तरी महिन्याला २९ युनिट, म्हणजे बिलाची धास्ती नाही. खरी अडचण बॅटरीची. कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी कागदावर ८४ वॉट-तासांची. त्यातलं थोडं यूपीएस स्वतःच खातो आणि बॅटरी शेवटपर्यंत पिळली की ती लवकर मरते. तासभर मिळाला तरी पुष्कळ. त्यापेक्षा मोठ्या इन्व्हर्टरवर एक लाइन काढून घे, आणि तिच्यावर दुसरं काही लावू देऊ नकोस. कुणीतरी मिक्सर लावतंच!

वरच्या मजल्यांवर सॉकेट काढण्यासाठी भिंती फोडू नकोस. पीओई स्विच घे; एकाच लॅन केबलमधून नेटही जातं, वीजही. ८०२.३ एएफ प्रकारात स्विच एका पोर्टवर १५.४ वॉट देतो, १०० मीटरच्या केबलच्या टोकाला १२.९५ तरी पोचतात. शिवाय एकच बॅटरी सगळ्यांना सांभाळते. २४ व्होल्टचा स्वस्त ‘पॅसिव्ह’ इंजेक्टर मात्र ॲक्सेस पॉइंटवरचं लेबल वाचल्याशिवाय जोडायचा नाही. तो समोर काय आहे ते न विचारता वीज सोडतो.

स्विच आणि बॅटरी तळमजल्यावर नकोत. कपिला नदीचं पाणी चढलं की काय होतं, हे तुला मी सांगायला नको. गच्चीवर काही बसवलंस तर अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर हवाच. एप्रिल-मेच्या वळवात विजा पडतात.

पैसे घेऊन वायफाय द्यायचं असेल तर घरच्या कनेक्शनवर चोरून धंदा नको. ९ डिसेंबर २०२० ला मंत्रिमंडळानं पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची योजना मंजूर केली, ती तुझ्यासारख्यांसाठीच. तुला परवाना लागत नाही, नोंदणी नाही, शुल्कही नाही. फक्त दूरसंचार विभागाकडे नोंदलेल्या एखाद्या ॲग्रीगेटरशी जोडून घ्यायचं.

आणि केबल घेताना दुकानातच तार ब्लेडनं खरवड. आत पांढरी निघाली तर ते तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम. पीओईला ते चालत नाही, तापतं. तांबं दिसलं तरच पैसे दे.