धणे आणि कोथिंबीर : शंभर ग्रॅमचा हिशेब आणि ताटातला हिशेब

सन्माननीय विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासाठी वार्षिक अहवालात एखादा आरोग्यविषयक लेख देण्याची आपली प्रथा आहे. या वर्षी विषय घेतला आहे तो अगदी स्वयंपाकघरातला. रुग्णाला घरी सोडताना नातेवाईक जे प्रश्न विचारतात, त्यांत एक हमखास असतो : “अंगात रक्त भरायला धण्याचे पाणी द्यावे, की कोथिंबिरीचा रस?” हा लेख म्हणजे या प्रश्नाची शक्य तेवढी नीट केलेली उकल होय. यातील वैद्यकीय बाजू डॉक्टरांची व आहारतज्ज्ञांची असून प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्याच्या वाट्याला आली आहे ती केवळ आकडेमोड. परंतु या विषयात गफलत होते ती बहुतांशी आकडेमोडीतच.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. धणे आणि कोथिंबीर या दोन वनस्पती नव्हेत. ज्या रोपाची कोवळी पाने आपण कोथिंबीर म्हणून खातो, तेच रोप फुलोऱ्यावर येऊन वाळले की त्याची फळे म्हणजे धणे. धण्याच्या प्रत्येक गोल दाण्यात दोन बिया असतात. म्हणूनच पेरण्यापूर्वी शेतकरी धणे रगडून त्यांचे दोन भाग करून घेतो. अर्थात ही तुलना एकाच घरातील दोन पिढ्यांची आहे.

आता कोष्टकाकडे वळू. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या कोष्टकानुसार शंभर ग्रॅम धण्यांत सुमारे १६.३ मिलिग्रॅम लोह व ७०९ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. शंभर ग्रॅम ताज्या कोथिंबिरीत लोह १.७७ मिलिग्रॅम आणि कॅल्शियम ६७ मिलिग्रॅम. हे आकडे वाचणारा कोणीही म्हणेल की धण्यांत कोथिंबिरीच्या नऊपट लोह आहे. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत व पाकिटांवर हेच छापलेले आढळते. आकडा खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

कारण शंभर ग्रॅम कोथिंबिरीत सुमारे ९२ ग्रॅम नुसते पाणी असते, तर धण्यांत जेमतेम नऊ ग्रॅम. ओला माल आणि सुका माल एकाच तराजूत घालून भाव ठरवू नये, हे आपल्या बाजार समितीतला हमालही सांगेल. दोन्हींतील पाणी वजा करून उरलेल्या सुक्या अंशाचा हिशेब केला, तर शंभर ग्रॅममागे कोथिंबिरीचे लोह जवळपास २३ मिलिग्रॅम भरते आणि धण्यांचे १८. कॅल्शियमचेही तसेच : कोथिंबीर ८६०, धणे ७७८. म्हणजे नऊपटीचा फरक हा पोषणाचा नसून मुख्यत्वे पाण्याचा होता.

तरीही हा हिशेब कागदावरचाच झाला. शंभर ग्रॅम धणे एका बैठकीत कोणी खात नाही. दराला महत्त्व असते, तसेच नगालाही. एका व्यक्तीच्या वाट्याला दिवसभरात धणेपूड येते ती फार तर एक लहान चमचा, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम. त्यातून मिळणारे लोह ०.३३ मिलिग्रॅम. मूठभर निवडलेली कोथिंबीर वीस ग्रॅमच्या आसपास धरली, तर तिच्यातून मिळते ०.३५ मिलिग्रॅम. दोन्ही पारडी समसमान! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय कोष्टकात कोथिंबिरीचे लोह शंभर ग्रॅमला पाच मिलिग्रॅमच्या वर दिले आहे; जमीन, वाण व तपासणीची पद्धत यांनुसार असा फरक पडतो. तो आकडा धरला तरी मूठभर कोथिंबिरीतून एक मिलिग्रॅमच लोह मिळेल. याच संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीची रोजची गरज आहे २९ मिलिग्रॅम.

इतका तपशील देण्याचे कारण असे की, या प्रश्नामागे प्राणाशी गाठ आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या आतील ६८.९ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. गर्भवतीला शासनाच्या कार्यक्रमातून रोज जी गोळी दिली जाते, तीत ६० मिलिग्रॅम लोह असते व ती किमान १८० दिवस घ्यावयाची असते. गोळीने मळमळते, शौचास काळे होते, म्हणून कित्येक भगिनी ती बाजूला ठेवतात आणि घरातील वडीलधारी मंडळी प्रेमापोटी रसाचा पेला पुढे करतात. हिशेब पाहावा : त्या एका गोळीइतके लोह मिळवण्यास सव्वातीन किलोहून अधिक कोथिंबीर किंवा साडेतीनशे ग्रॅमहून अधिक धणे लागतील, तेही दररोज, आणि वनस्पतिजन्य लोहाचा अल्प अंशच शरीर शोषून घेते. बाळंतपणात रक्तस्राव झाला तर अशक्त मातेजवळ शिल्लक म्हणून काही नसते. गोळी सोसत नसेल तर ती घेण्याची वेळ बदलता येते, औषध बदलता येते, गरजेप्रमाणे शिरेतूनही लोह देता येते. परंतु ते डॉक्टरांना सांगितल्याविना कसे होणार?

मग कोथिंबिरीत काहीच नाही काय? आहे, आणि पुष्कळ आहे. केवळ ज्यासाठी ती प्रसिद्ध आहे ते नव्हे. तिच्यातील बीटा-कॅरोटीनपासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. मूठभर कोथिंबिरीतून स्त्रीच्या ‘अ’ जीवनसत्त्वाच्या रोजच्या गरजेचा सहावा-सातवा हिस्सा भागतो, ‘के’ जीवनसत्त्वाची गरज निम्म्याहून अधिक भागते आणि ‘क’ जीवनसत्त्वही थोडे मिळते. धण्यांत ‘अ’ जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच; पान वाळून बी होईपर्यंत ते खाते बंद झालेले असते. मात्र ही मूठ म्हणजे आमटीवर भुरभुरलेली चार पाने नव्हेत. चटणी, कोथिंबीर वडी किंवा भाकरीच्या पिठात मिसळून ती पोटात गेली पाहिजे. कॅरोटीन अंगी लागण्यास थोडे तेल लागते, हे काम आपली फोडणी करतेच. ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने व सुकण्याने घटते, म्हणून थोडी कोथिंबीर कच्ची व ताजी खावी आणि वर लिंबू पिळावे. लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे भाकरी-डाळीतील लोहही अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेण्याची आपल्याकडील सवय नेमके याच्या उलट काम करते. किमान तासभर तरी थांबावे.

धण्यांचे मोल वेगळ्या खात्यात जमा करावे लागेल. ते पोषक द्रव्ये फारशी देत नाहीत. ते अन्न खाण्याजोगे करतात, आणि रुग्णालयात हे काही लहानसहान काम नव्हे. रक्तदाबाच्या वा हृदयविकाराच्या रुग्णाचे मीठ कमी केले की तो ताट परत पाठवतो. ताजी भाजून कुटलेली धणे-जिरे पूड व लिंबू घातले की तेच वरण संपते. परत गेलेल्या ताटातील जीवनसत्त्वे कोणाच्याच उपयोगाची नसतात.

काही रुग्णांबाबत मात्र रसाच्या पेल्याविषयी सावधगिरी बाळगावीच लागेल. हृदयाची झडप बदललेली असल्यास रक्त गोठू नये म्हणून वॉरफॅरिन किंवा ॲसेनोकुमारोल या गोळ्या दिल्या जातात. ‘के’ जीवनसत्त्व त्यांच्या विरुद्ध काम करते. अशा रुग्णाने कोथिंबीर वर्ज्य करण्याची आवश्यकता नाही, पण प्रमाण रोज सारखे ठेवावे. एकाएकी रस सुरू करू नये वा एकाएकी पालेभाज्या बंदही करू नयेत. ॲस्पिरिन घेणाऱ्यांस ही अडचण नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांची गोष्ट याहून गंभीर आहे. कोथिंबिरीच्या पाण्याने ‘किडनी साफ होते’ असा समज सर्वत्र पसरला आहे. शंभर ग्रॅम कोथिंबिरीत पाचशे मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम असते. डायलिसिसवरील रुग्णाच्या रक्तात ते साचले तर हृदयाचे ठोके बिघडतात. अशा घरात रस देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे अत्यावश्यक आहे. तसेच जिचा उपयोग कच्ची खाण्यासाठी होतो, ती कोथिंबीर मुळे व माती काढून, स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊनच घ्यावी.

आपल्या जिल्ह्यात हा विचार नवा नाही. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले, तेव्हा लोकांची पहिली मागणी दवाखान्याची नसून अन्नपाण्याची होती, आणि पुढे गावोगावच्या महिला आरोग्य कार्यकर्त्यांनी आहाराचे ज्ञान घरोघरी नेले. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती देशी वाणांची बियाणी जपण्याच्या व परसबागेच्या कामासाठी. कोथिंबीर हे तर परसबागेतील सर्वांत सोपे पीक. जुडीचा भाव कधी कोसळतो, तर कधी गरिबाने हात लावू नये इतका चढतो. घरच्या पिकाला ही चढउतार लागू होत नाही. धणे रगडून, रात्रभर भिजवून जुन्या टोपलीत वा फुटक्या माठात पेरावेत. आठ-पंधरा दिवसांत उगवतात आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांत कापणीस येतात. कडक उन्हाळ्यात रोप लवकर फुलावर जाते व पाने थोडी मिळतात. त्या दिवसांत शेवग्याचा पाला घ्यावा. तो आपल्या कोरडवाहू भागातही बांधावर फुकट मिळतो आणि कॅरोटीनच्या बाबतीत कोथिंबिरीस हार जाणारा नाही.