जट का होते?

कुणाच्या डोक्यात जट झाली, की लोक म्हणतात, "देवीची जट आहे. कापली तर देवी कोपेल." अशा कितीतरी पोरी पूर्वी देवाला सोडल्या. त्यांचा संसार झालाच नाही.

जट कशी होते ते आपण पाहू. केस धुतले नाहीत, विंचरले नाहीत, की घाम, तेल आणि धूळ एकत्र चिकटते. केसांचा गुंता होतो. भीतीने कुणी हात लावत नाही. गुंता वाढतो, घट्ट होतो. तीच जट. तिच्यात उवा होतात. ओझ्याने मान दुखते.

बाहेरच्या केसाला जीव नसतो. नख कापतो तशी जट कात्रीने कापावी. रक्त येत नाही, दुखत नाही. मग डोके स्वच्छ धुवावे.

पुढे काय करावे?

रोज केस विंचरावे. गुंता टोकाकडून सोडवावा. आठवड्यातून दोनदा शिकेकाईने न्हावे. केस वाळले, की मगच वेणी घालावी. उवा-लिखा बारीक फणीने काढाव्या.

पोरी देवाला सोडायला मुंबई इलाख्यात १९३४ साली कायद्याने बंदी झाली. आजही तो गुन्हाच आहे.

देवीला आपण आई म्हणतो. आई लेकरावर कोपेल कशी? आयाबहिणींनो, पोरीच्या हाती फणी द्या आणि पुस्तकही द्या.